टाकीत कोण उतरणार

पाळकीणबाईचा नवरा चर्चचा पाळक राहिला नव्हता त्याला चार वर्षं उलटली, तरी लोक तिला पाळकीणबाईच म्हणत. नवा पाळक बिनलग्नाचा होता, त्यामुळे ही पदवी घ्यायला दुसरं कोणी आलंच नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चर्चच्या मंडळीतलं कोणी तिथं आलं की आधी विचारायचं, "पाळकीणबाई, ही फ्रेम मला शोभते का हो?" आणि मग आवाज खाली आणून, "साहेबांचं काय? अजून ते... तेच चाललंय का?"

तेच म्हणजे लोकांना हसवणं. दर शनिवारी संध्याकाळी, एका खाणावळीच्या मागच्या हॉलमध्ये, हातात माईक धरून. एकोणीस वर्षं बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक असलेला माणूस, ज्यानं अर्ध्या गावाची लग्नं लावली आणि उरलेल्या अर्ध्याला मूठमाती दिली, तो आता उंच स्टुलावर बसून माझी बायको अशी न् माझी बायको तशी सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे. बरं, पुलपिटावर उपदेशाला उभा असताना हा माणूस गमत्या होता म्हणावं तर तेही नाही. पन्नास मिनिटांचा उपदेश, त्यात हसू औषधालासुद्धा नाही. मंडळीचे म्हातारे चिटणीस उपदेश सुरू झाला की मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या बाकावर ठेवायचे. त्यावरून त्यांचं नाव घड्याळकाका पडलं, आणि ते नाव त्यांच्या बायकोनंही मान्य करून टाकलं होतं.

सगळं बिघडलं ते एका दातांच्या डॉक्टरच्या मयताला. भाषणाचा कागद पाळकसाहेब घरी विसरले. शवपेटीपाशी उभे राहिले, खिसे चाचपले आणि म्हणाले, "ह्या माणसानं चाळीस वर्षं लोकांना एकच वाक्य सांगितलं. अजिबात दुखणार नाही. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलोय. फरक एवढाच, की ह्यांच्याकडे इंजेक्शन होतं." आधी डॉक्टरची विधवा हसली, मग तिच्या बहिणी, मग अख्खं चर्च. डॉक्टरचा पुतण्या ती खाणावळ चालवायचा. त्यानं कबरस्तानाच्या फाटकातच पाळकसाहेबांना गाठलं आणि आपल्या हॉलमध्ये येऊन असंच बोलायचं आमंत्रण दिलं. आठ महिन्यांनी पाळकसाहेबांनी मंडळीच्या सभेत राजीनामा दिला आणि चर्चशेजारचं पाळकासाठीचं ऐसपैस घर सोडून लेकीसह तिघंजण एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. दिवसभर खालून वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट आणि उन्हाळ्यात पायाखालची फरशी कोमट.

तेही तिनं सहन केलं असतं. खोल्या लहान असल्या म्हणून कोणी मरत नाही. पण हा माणूस एक वाक्य सरळ बोलेल तर शपथ. गॅस बंद केलात का, असं विचारलं तर उत्तर यायचं, "केला होता, पण तो परत चालू होण्याविषयी फार भावुक होता." अरे, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. ती चिडून काही बोलली की हातातलं काम टाकून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "थांब, थांब, परत म्हण. शेवटचा शब्द काय होता?" आणि शनिवारी तिचा संताप तिच्याच शब्दांत स्टुलावरून लोकांना वाढायचे. सोमवारी दुकानात एखादं गिऱ्हाईक फ्रेमच्या आडून तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचं आणि तिला कळायचं, की हा जाऊन आलाय.

गेल्या वर्षी तर कहर झाला. रात्रभर पोट दुखतंय म्हणून सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं काय होतंय, तर हे म्हणाले, "काही विशेष नाही, मरतोय." डॉक्टर हसला. नर्स हसली. हे आपले त्याच चेहऱ्यानं पुढे बोलत राहिले आणि ते दोघं हसत राहिले. शेवटी तिनं टेबलावर हात आपटून सांगितलं की ह्या माणसाला हात लावून बघा आधी. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन पाळकसाहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, "डॉक्टर फार चांगला श्रोता आहे." तिनं कपाळावर हात मारून घेतला.

अशा घरात लेकीनं एका रविवारी जेवताना पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

हे वाक्य ऐकायला पाळकीणबाई किती वर्षं थांबली होती ते तिचं तिला ठाऊक. बॅप्टिस्टांकडे तान्ह्या पोरांवर पाणी शिंपडून मोकळं होत नाहीत. माणूस कळता व्हावा लागतो, त्यानं आपणहून म्हणावं लागतं की माझा विश्वास आहे, आणि मग चर्चमधल्या टाकीत उभं करून त्याला कपड्यांसकट पूर्ण पाण्याखाली नेऊन वर काढतात. आईबापांनी मागं लागायचं नसतं. लेक अठराची झाली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली, बरोबरीच्या सगळ्या पोरी टाकीतून निघून गेल्या, तरी पाळकीणबाईनं जिभेला गाठ मारून ठेवली होती. आता ती गाठ सुटली, डोळे भरून आले, आणि ती उठून लेकीला जवळ घेणार एवढ्यात लेक पुढे म्हणाली, "आणि पप्पांनीच द्यायचा. नाहीतर मला नको."

"अगं, पप्पा आता पाळक नाहीत," पाळकीणबाई म्हणाली.

"मला माहितीये. पण लहानपणी मी पुढच्या बाकावरून बघायचे ना. एक हात पाठीला, एक हात नाकावरच्या रुमालाला. त्यांच्या हातात कोणी घाबरलेलं मी पाहिलंच नाही. मला तसंच हवंय."

दोघींनी पाळकसाहेबांकडे बघितलं. आता हे काहीतरी बोलणार म्हणून पाळकीणबाईनं मनाची तयारी केली. पण ते उठले. ताट उचललं, मोरीशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ तेच एक ताट घासत राहिले. तिला वाटलं, भरून आलं असेल. बाप आहे शेवटी.

त्यानंतरचे तीन आठवडे पाळकीणबाईनं पायाला भिंगरी लावली. बॅप्टिस्टांमध्ये बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. चर्चचा पंखा बदलायचा असला तरी सगळ्या सभासदांनी सभेत हात वर करून ठरवायचं. आणि पाळक नसलेल्या माणसाला टाकीत उतरवायचं तर ठराव लागणारच. नवा पाळक तर एका पायावर तयार होता. तो सत्तावीस वर्षांचा, काडीसारखा, आणि पाण्याला भयंकर भिणारा. पाळक टाकीत उतरताना झग्याखाली छातीपर्यंतची रबरी विजार घालतात, मासे धरणारे घालतात तशी. पहिल्याच बाप्तिस्म्याला ह्याच्यापुढे एक जाडजूड लोहार आला. त्याला खाली नेताना ह्याचा पाय सरकला, रबरी विजारीत पाणी शिरलं आणि हा तळाशी जाऊन बसला. लोहारानंच त्याला काखेत धरून वर काढलं. कोणी कोणाला बाप्तिस्मा दिला ह्यावर मंडळीत अजून दोन तट होते.

राहिले बाकीचे. पाळकीणबाई घरोघर गेली. जे तिच्याशी चार वर्षं नीट बोलले नव्हते त्यांच्याकडेही गेली, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांचे वाकडे झालेले चष्मे तिथल्या तिथं सरळ करून दिले. ऑर्गन वाजवणारी बाई म्हणाली, "तो माणूस स्टेजवरून आपल्या टाकीची टिंगल करतो, आणि त्यालाच टाकीत उतरवायचं?" पाळकीणबाई म्हणाली, "बाई, टिंगल तो माझीही करतो, मी त्याला घरात ठेवलंच आहे ना?" ऑर्गनवाली विरघळली. खरं सांगायचं तर ह्या खटाटोपात पाळकीणबाईला मजाही येऊ लागली होती. पुन्हा लोक दार उघडून आत या म्हणत होते. पुन्हा कोणीतरी तिला हॉलच्या पडद्यांचा रंग विचारला. एका रविवारी तर ती चुकून दुसऱ्या बाकावर, आपल्या जुन्या जागी जाऊन बसली आणि कोणी तिला उठवलं नाही.

घड्याळकाकांनी मात्र अट घातली. म्हणाले, "पाळकीणबाई, माझा पोरीवर राग नाही. पण तुमच्या यजमानांकडून चार वर्षांत मला एक सरळ उत्तर मिळालेलं नाही. सभेत मी एकच प्रश्न विचारणार, तुमचा देवावर विश्वास आहे का. टाकीत उतरणाऱ्याला आपण तोच विचारतो, मग उतरवणाऱ्याला नको का विचारायला? एकच अक्षर उत्तर हवं. कोट्या नकोत."

"देतील हो," पाळकीणबाई म्हणाली. "मी बघते कसे देत नाहीत ते."

आणि मग घरी तिनं नवऱ्याचा पिच्छा पुरवला. उठता बसता एकच. काकांनी विचारलं की हो म्हणायचं आणि खाली बसायचं. भुवई उडवायची नाही. हो च्या पुढे काही लावायचं नाही. पाळकसाहेब "बरं" म्हणायचे आणि दोन मिनिटांनी काहीतरी वाकडं बोलून लेकीला हसवायचे. एकदा, फक्त एकदा, ती भांडी आवरत असताना ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ह्या बाबतीत मला जरा तुझ्याशी बोलायचंय."

"विनोद असेल तर शनिवारी सांगा लोकांना," ती म्हणाली. "माझे कान किटलेत."

ते परत आतल्या खोलीत गेले.

सभेच्या दिवशी सकाळी ती त्यांच्या शर्टला इस्त्री करत होती. खाली इस्त्रीचं एवढं मोठं दुकान, पण हा शर्ट तिनं कोणाला दिला नसता. पाळकसाहेब बनियनवर खुर्चीत बसले होते.

"म्हणजे सभेत सरळ बोलायचं," ते म्हणाले.

"सरळ."

"जे खरं असेल ते."

"अहो, तेच तर चार वर्षं घसा कोरडा करून सांगतेय," ती म्हणाली. "एकदा. आयुष्यात एकदा लोकांसमोर साधं खरं बोला. मग पुन्हा तुम्हाला काय माकडचेष्टा करायच्या त्या करा. बोलाल ना?"

"बोलेन," ते म्हणाले. तिनं शर्ट त्यांच्या अंगावर टाकला आणि कॉलर बघितली. छान बसली होती.

सभा उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये भरली. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा मोठा पिंप उकळतोय, भिंतीला टेकून बायका. लेक दाराजवळच्या स्टुलावर बसली, कारण बाप्तिस्मा झालेला नाही म्हणजे सभासद नाही आणि सभासद नाही म्हणजे मत नाही. पहिला विषय छपराच्या गळतीचा. दुसरा विषय घडीच्या खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवायचा. त्यावर पंचवीस मिनिटं चर्चा. काळ्या बसवायच्या की करड्या, आणि मागच्या वेळच्या टोप्या गेल्या कुठं, आणि त्या नेणारा माणूस ह्याच खोलीत बसलाय असं माझं म्हणणं नाही पण. पाळकीणबाईनं मनातल्या मनात तीनदा बाजूचे हात मोजले, तरी टोप्या संपेनात. शेवटी टोप्यांसाठी तीन जणांची समिती नेमली आणि घड्याळकाका उभे राहिले.

"तिसरा विषय सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "पाळकसाहेब, जरा उभे राहा."

पाळकसाहेब उभे राहिले. पांढरा शर्ट, हात बाजूला.

"तुम्ही आम्हाला एकोणीस वर्षं शिकवलंत. नंतरची चार वर्षं आमच्यावर पोट भरलंत." इथं एक दोघं हसले. "तुमची मुलगी तुमच्या हातून बाप्तिस्मा मागतेय. मला एकच विचारायचंय, आणि उत्तर एका शब्दात हवंय. तुमचा देवावर विश्वास आहे का?"

"नाही," पाळकसाहेब म्हणाले.

आणि मग असं काही हसू फुटलं की विचारू नका. आधी ऑर्गनवाली, मग लोहार, मग भिंतीच्या बायका. पंचवीस मिनिटं रबरी टोप्यांवर कुजलेली माणसं ती, त्यांना एवढंच हवं होतं. लोक एकमेकांच्या खांद्यावर हात मारू लागले. नवा पाळक मांडीवर थाप मारून, "एका शब्दात! एका शब्दात मागितलं ना!" असं म्हणत होता. आणि घड्याळकाका, जे एकोणीस वर्षांत एकदाही दात दाखवून हसले नव्हते, ते खुर्चीची पाठ धरून हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते.

पाळकीणबाई हसली नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं. विनोद करायच्या आधी हा माणूस डावा पाय थोडा मागे घेतो आणि सगळ्यात मागच्या रांगेकडे बघतो. आत्ता पाय हलला नव्हता. आणि बघत होता तो दाराजवळच्या स्टुलाकडे. लेकही हसत नव्हती.

"जित्याची खोड," काका धापा टाकत म्हणाले. "जाऊ द्या. माणूस तोच आहे, बिघडलेला नाही. एवढं मनापासून मी कधी हसलो होतो आठवत नाही. चला, वेळ घालवू नका. ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. भराभर गेले, हसता हसता गेले. एवढी माणसं एका मतानं काही करताना ह्या हॉलमध्ये कोणी पाहिली नव्हती. पाळकीणबाईला आपल्या मांडीवरचा हात दिसत होता. तिला कळत होतं, सगळं कळत होतं. आणि तिला हेही दिसत होतं की आत्ता फक्त गप्प बसलं की झालं. पोरगी बापाच्या हातून पाण्यातून वर येईल, आपण पायऱ्यांशी पंचा घेऊन उभ्या असू, दुसऱ्या बाकावरची जागा पुन्हा आपली होईल. कोणाचं काय जाणार होतं? देवाला तर आधीच ठाऊक असेल. तिनं हात वर केला. नुसता वर केला नाही, चांगला ताठ केला.

पाळकसाहेबांनी तो हात बघितला.

"काका, मोजू नका," ते म्हणाले. "मी विनोद केला नव्हता."

पुन्हा हसू. पण आधीपेक्षा कमी.

"खरंच नव्हता केला," ते म्हणाले.

आता दोघं तिघंच हसले आणि इकडे तिकडे बघून थांबले. पाळकसाहेब उभेच होते. त्यांनी घाई केली नाही. हसू पूर्ण विझेपर्यंत थांबायची सवय त्यांना धंद्यानं लावली होती. मग चहाच्या पिंपाचा खदखदाट तेवढा ऐकू येऊ लागला.

"तुम्ही खरं विचारलंत, मी खरं सांगितलं," ते म्हणाले. "ती पाण्यात उभी राहून हो म्हणणार. मनापासून म्हणणार. तिच्या पाठीला माझा हात नको. मला माफ करा." आणि ते खाली बसले.

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कोणी हळूच आणला, कोणी केस सारखे केल्यासारखं करत. पाळकीणबाईचा हात सगळ्यात शेवटी खाली आला. घड्याळकाकांनी चष्मा लावला, परत काढला, आणि म्हणाले, "मग ठराव... ठराव मागे घेतला असं लिहू का?" नवा पाळक पुटपुटला की लिहा. मग मागून कोणीतरी विचारलं की टोप्यांच्या समितीत चौथा माणूस चालेल का.

पाळकीणबाई उठून बाहेर आली. रागानं तिचे कान तापले होते. चार वर्षं. चार वर्षं ह्या माणसाच्या मागं लागले की एक वाक्य सरळ बोला, आणि ह्यांनी ते कधी बोलावं तर आज. आणि कोणतं बोलावं तर हे. सगळ्या जगातली खरी वाक्यं पडली होती. गॅस बंद केलाय हे खरं होतं. पोट दुखतंय हे खरं होतं.

चर्चच्या अंगणात लेक भिंतीला टेकून उभी होती. डोळे लाल होते. पाळकसाहेब तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"तुम्हाला मला आधी सांगता आलं नाही?" लेक म्हणाली.

"नाही आलं."

"मला तुमचाच हात हवा होता, पप्पा."

"माहितीये."

लेकीनं ओढणीनं नाक पुसलं. मग म्हणाली, "मी नव्या पाळकांना सांगते मला द्या म्हणून. पण त्यांना पाठ कशी धरतात ते तुम्ही शिकवा. आधी कोरड्या टाकीत शिकवा, मग पाण्यात. नाहीतर ते मला खरंच बुडवतील."

"शिकवतो," पाळकसाहेब म्हणाले. "उद्यापासून शिकवतो."

"आणि त्या दिवशी पुढं बसायचं. मागं दाराशी नाही."

"बसेन."

ती वळली आणि एकटीच पुढे चालू लागली, ताठ मानेनं, आईसारखी. नवराबायको तिच्या मागून निघाली. रविवारची दुपार, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन चौक ओलांडले.

"तुला कळलं होतं," पाळकसाहेब म्हणाले.

"कळलं होतं."

"तरी हात वर केलास."

"केला," ती फाडकन म्हणाली. "होय, केला. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी माझ्यासाठी खोटं बोलाल."

"अगं, अकरा वर्षं बोललो की."

ती थांबली. तो माणूस तिच्याकडे बघत होता, आणि पाय जागचा हलला नव्हता.

"एकोणीसपैकी पहिली आठ खरी होती," ते म्हणाले. "पुढची अकरा नाही. दर रविवारी उभा राहायचो आणि दुसऱ्या बाकावर तू असायचीस. तुला ते सगळं किती आवडायचं. ते घर, तो मान. मला मोडवत नव्हतं."

"मग मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. आवाज चढलाच. "मंडळीला नसेल सांगायचं, पण मला? घरात? बायको आहे मी तुमची."

"तुला सांगितलं होतं. सगळ्यात आधी तुलाच सांगितलं."

"कधी? काहीतरी बोलू नका."

"चर्चशेजारच्या घरात. लेक तीन वर्षांची होती, तापातून नुकतीच उठली होती. तू स्वयंपाकघरात बसून पडदे शिवत होतीस, पिवळे. मी दारात उभा राहून म्हटलं, मला वाटतं वर कोणी नाहीये. दोन आठवडे धीर गोळा करत होतो. आणि तू हसलीस. इतकी हसलीस की सुई बोटात गेली."

पाळकीणबाईच्या डोळ्यांपुढे ते पिवळं कापड आलं. सुई तिला आठवली. पडद्याच्या काठाला लागलेला रक्ताचा ठिपकाही आठवला, तो धुवूनही पूर्ण गेला नव्हता. आपण हसलो होतो हेही आठवलं, कारण दुसऱ्या दिवशी बायकांच्या बैठकीत तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं, की आमच्या साहेबांनी काल मला पहिल्यांदा हसवलं बाई, हसून हसून पोट दुखायला लागलं. बायकांनी विचारलं होतं, काय म्हणाले, काय म्हणाले. तेव्हासुद्धा ते वाक्य तिला नीट सांगता आलं नव्हतं.

लेक पुढच्या कोपऱ्यावर थांबून दोघांची वाट बघत होती.